मोबाईलनं सांगितलेला कायदा कितपत खरा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की एआयला कायद्याचा प्रश्न विचारला असेल तर तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर दोन्ही मला पाठवा, कुठं बरोबर आहे कुठं चुकलंय ते आपण मिळून बघू. पत्रं आली, ईमेल आले, स्क्रीनशॉट तर इतके आले की रविवारचा अख्खा दिवस वाचण्यात गेला. सगळी छापता येणार नाहीत, म्हणून ज्यातून इतरांनाही काही कळेल अशी निवडली. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं लग्न १९९० ला झालं, वडील २००१ मध्ये वारले. आजोबांपासूनची सहा एकर जमीन आहे, सातबाऱ्यावर आई आणि दोन्ही भाऊ. वाटणी झालेली नाही. मी मोबाईलवर एआयला विचारलं तर म्हणालं ९ सप्टेंबर २००५ ला तुमचे वडील हयात नव्हते म्हणून तुम्हाला काहीच हिस्सा नाही. मुलीनं तिच्या मोबाईलवर विचारलं तर समान हिस्सा आहे म्हणालं. खरं कुणाचं धरायचं?
– एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, मुलीच्या मोबाईलचं. पण तुमच्या मोबाईलनं जे सांगितलं ते त्यानं मनानं रचलेलं नाही, आणि हीच गोष्ट मला सगळ्यांना समजावून सांगायचीय. २०१५ साली सुप्रीम कोर्टानं प्रकाश विरुद्ध फुलवती या निकालात म्हटलं होतं की हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील आणि मुलगी दोघंही हयात हवेत. मग २०१८ मध्ये दनम्मा प्रकरणात वेगळा सूर लागला, गोंधळ झाला, आणि शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात तीन न्यायाधीशांनी सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानं येतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही. आता मधल्या पाच वर्षांत किती लेख, किती पुस्तकं, किती वकिलांचे सल्ले त्या जुन्या निकालावर लिहिले गेले असतील बघा. एआय ते सगळं वाचून बसलंय. त्याच्या दृष्टीनं २०१६ चा लेख आणि २०२१ चा लेख शेजारी शेजारीच असतात, आपण जसं पेपरची तारीख बघून शिळा की ताजा ते ठरवतो तसं ते दर वेळी करेलच असं नाही.

आणखी एक. महाराष्ट्रानं स्वतःची दुरुस्ती १९९४ लाच केली होती, तिच्यात २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. तुम्ही परत विचारलंत तर एखादं ॲप तेही पुढं करेल, कारण तुमचं लग्न १९९० चं. घाबरू नका. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची अशी अट नाही.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते "काहीच हिस्सा नाही" हे वाक्य. ते जुन्या कायद्यानंसुद्धा चूक होतं! वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी १९५६ पासून पहिल्या वर्गाची वारस आहे. हिशोब करून दाखवते, बाकी कुणी वारस नाही आणि वडिलांचं मृत्युपत्र नाही असं धरून. सहा एकर म्हणजे २४० गुंठे. जुन्या पद्धतीनं वडील, आई, दोन भाऊ असे चार वाटे, प्रत्येकी ६० गुंठे, आणि वडिलांच्या ६० गुंठ्यांत आई, दोन भाऊ, तुम्ही असे चौघं, म्हणजे तुमचे १५ गुंठे. आजच्या कायद्यानं सुरुवातीलाच पाच वाटे, प्रत्येकी ४८ गुंठे, वडिलांच्या ४८ मधले तुमचे १२, एकूण ६० गुंठे, म्हणजे दीड एकर. एका मोबाईलनं शून्य सांगितलं, कायदा दीड एकर सांगतो, आणि ते शून्य ऐकून एखादी बाई हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी झाली असती.

२० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर झालेलं वाटणीपत्र किंवा कोर्टाचा वाटपाचा हुकूमनामा असेल तर मात्र तो मोडत नाही. भाऊ म्हणतील तोंडी वाटणी झालीय, तर ती सिद्ध करायला सरकारी कागदांचा भक्कम पुरावा लागतो, नुसत्या तोंडी साक्षीवर कोर्ट ते मानत नाही. आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे हक्क नाही असं अजिबात नसतं, फेरफार नोंद महसुलासाठी असते, मालकी त्यानं ठरत नाही.

पुढच्या वेळी एआयला निकालाचं नाव आणि साल विचारा, आणि लगेच पुढचा प्रश्न टाका की हा निकाल नंतर कुणी फिरवलाय का. या एका प्रश्नानं तुमच्या मोबाईलनंसुद्धा बहुतेक आपलं उत्तर बदललं असतं.

प्रश्न : मी पुण्यात भाड्यानं राहतो. घरमालक म्हणतात ११ महिन्यांचा करार आहे, नोटरी पुरे, रजिस्टर करायची गरज नाही. एआयनंही तेच सांगितलं, वर असंही म्हणालं की डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. मी पाच महिन्यांचं दिलंय. जादाचे परत मागू का?
– एक भाडेकरू

उत्तर : दोन्ही उत्तरं चूक आहेत, आणि दोन्हीचं कारण एकच, त्यानं तुमचं राज्य बघितलंच नाही. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एका वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, ११ महिन्यांचा रिवाज तिथून आला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ उघडा. करार लेखी हवा आणि रजिस्टर हवा, लिव्ह अँड लायसन्स असला तरी, मुदत कितीही असो. ती जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि वाद झाला तर कराराच्या अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकांना हे शांतपणे दाखवा, ते स्वतःच रजिस्टर करायला निघतील.

दोन महिन्यांच्या डिपॉझिटची गोष्ट २०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमधली आहे. तो केंद्रानं राज्यांना दिलेला नमुना आहे, राज्यानं त्यावरून स्वतःचा कायदा केला तरच तो तिथं चालतो. एआय "मॉडेल" हा शब्द गिळून टाकतं आणि "भारतात असा कायदा आहे" म्हणून मोकळं होतं. तेव्हा त्या आधारावर जादाचे पैसे मागू नका, करारात डिपॉझिट परत द्यायचं कधी आणि कसं ठरलंय ते बघा. जमीन, भाडं, स्टॅम्प ड्युटी, सोसायटी, शेती, यातला कुठलाही प्रश्न असेल तर पहिल्याच ओळीत महाराष्ट्र लिहायचं, आणि उत्तरात महाराष्ट्राच्या कायद्याचं नाव आलं नाही तर ते उत्तर अपुरं समजायचं.

प्रश्न : मॅडम, एका व्यापाऱ्यानं मला साडेतीन लाखांचा चेक दिला, चेकवरची तारीख १० जून. तो बाउन्स झाला, बँकेचा मेमो २० जूनला हातात आला. तो "देतो देतो" म्हणत राहिला म्हणून थांबलो. आता ऑगस्टचा पहिला आठवडा आहे. एआय म्हणतं नोटिशीला ३० दिवस असतात पण योग्य कारण असेल तर कोर्ट उशीर माफ करतं. मग नोटीस पाठवू ना?
– एक दुकानदार, सोलापूर

उत्तर : यांना मी अंकाची वाट न बघता त्याच दिवशी फोन करून उत्तर दिलं, कारण इथं एकेक दिवस मोलाचा होता. इथं छापतेय कारण सगळ्या पत्रांत मला सर्वांत जास्त काळजी या पत्रानं लावली.

या उत्तरातला प्रत्येक तुकडा खरा आहे आणि पूर्ण उत्तर चूक आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. त्यानं दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात फिर्याद. उशीर माफ करायचा अधिकार कलम १४२ मध्ये आहे, पण तो या शेवटच्या टप्प्याला, फिर्यादीला. नोटिशीच्या ३० दिवसांना माफी नाही. एआयनं एका टप्प्याची सवलत उचलून दुसऱ्या टप्प्याला चिकटवली, आणि वाचताना ते इतकं सहज वाटतं की वकिलाचीही नजर चुकेल.

काही ॲप्स नोटिशीची मुदत १५ दिवस सांगतात, ती २००२ च्या दुरुस्तीआधीची. केस कुठं चालणार हेही जुनंच सांगतात. २०१४ च्या दशरथ रूपसिंग राठोड निकालानुसार चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावी जावं लागत होतं, पण २०१५ मध्ये कायदाच बदलला, आता तुम्ही चेक तुमच्या खात्यात भरला असेल तर तुमच्या बँकेच्या शाखेच्या हद्दीत केस चालते. सोलापूरचं खातं तर सोलापूर.

मग या दादांचं काय? नशिबानं वाट होती. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो, आणि तेवढ्यात तो पुन्हा बँकेत भरता येतो. पुन्हा परत आला तर त्या दुसऱ्या मेमोपासून नवे ३० दिवस मिळतात, हे सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी २०१२ मध्ये एमएसआर लेदर्स प्रकरणात मान्य केलंय. त्यांना सांगितलं, जुन्या मेमोवर नोटीस पाठवत बसू नका, चेक उद्याच भरा. ही वाट एआयनं सुचवलीच नाही कारण त्यांनी विचारलं होतं "नोटीस पाठवू का", आणि ते विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देत बसलं. चेकची मुदत संपली असती तर मग तीन वर्षांच्या आत वसुलीचा दिवाणी दावा, तेवढंच राहिलं असतं.

कलम चुकलं तर दुरुस्ती करता येते, कोर्ट सांभाळून घेतं. मुदत चुकली की बहुतेक वेळा दार बंद. म्हणून एआयच्या उत्तरात दिवस, महिने, वर्षं असा कुठलाही आकडा दिसला की तिथं थांबायचं, मूळ कायद्यातलं ते कलम उघडून बघायचं आणि तीन गोष्टी तपासायच्या, कधीपासून मोजायचं, कुठल्या कामासाठी ही मुदत आहे, आणि उशीर माफ होतो तो याच कामाला का. केंद्र आणि राज्यांचे कायदे इंडिया कोड या सरकारी वेबसाईटवर फुकट आहेत.

प्रश्न : नोकरी लावतो म्हणून माझ्या मुलाकडून एकानं ऑगस्ट २०२३ मध्ये दोन लाख घेतले. आता तक्रार द्यायचीय. एका एआयनं कलम ४२० घालून अर्ज लिहून दिला. दुसरं म्हणालं ४२० रद्द झालं, ३१८ घाला. पोलीस परत पाठवतील अशी भीती वाटते.
– एक वडील, लातूर

उत्तर : काका, १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. फसवणुकीचं ४२० आता नव्या कायद्यात ३१८ चं चौथं उपकलम आहे. तेव्हा दुसरं ॲप अद्ययावत आहे असं कुणालाही वाटेल. पण तुमच्या बाबतीत पहिलं बरोबर आहे! गुन्हा घडला त्या दिवशी जो कायदा होता त्यानंच शिक्षा होते, आणि ऑगस्ट २०२३ ला ४२० च होतं. एफआयआर नोंदवायची आणि तपासाची पद्धत मात्र आजच्या, नव्या कायद्याची. म्हणजे एकाच अर्जात जुना आणि नवा दोन्ही लागतात, आणि हे कळायला एआयला पैसे कधी घेतले ती तारीख सांगावी लागते.

नव्या क्रमांकांनी अजून एक खड्डा करून ठेवलाय. जुन्या प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायला लोक त्याखाली जायचे. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि ते जुने अधिकार गेले ५२८ मध्ये. खुनाचं ३०२ आता १०३ झालं आणि नव्या कायद्यात ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारणं. नुसता आकडा वाचून काहीच कळत नाही, आकड्याशेजारी कायद्याचं पूर्ण नाव हवंच.

तुमच्यासाठी खरं तर याहून सोपं आहे. अर्जात कलम घालायची तुम्हाला गरजच नाही. काय घडलं, कधी, कुठं, कुणासमोर, पैसे रोख की खात्यावर, कुठले मेसेज आले, एवढं तारीखवार लिहा. कलम लावणं पोलिसांचं काम. एआयनं लिहून दिलेला अर्ज मी वाचला, त्यात कायद्याची भाषा दीड पान आणि तुमच्या मुलाची हकीकत चार ओळी, आणि त्या चार ओळींतही "आरोपीनं वारंवार धमक्या दिल्या" असं एक वाक्य आहे जे तुमच्या पत्रात कुठंच नाही. ते आधी काढा. उद्या उलटतपासणीत त्याच वाक्यावर तुम्हाला खोटं पाडतील. पोलिसांनी घेतलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला आहे म्हणून परत पाठवता येत नाही.

प्रश्न : मला गेल्याच वर्षी सनद मिळालीय. एआय युक्तिवादासाठी निकाल शोधून देतं, पण ते खरे आहेत का हे पटकन कसं ओळखायचं? सीनियर म्हणतात वापरूच नको.
– एक तरुण वकील

उत्तर : वापरा, पण वाचल्याशिवाय कोर्टात एक ओळही देऊ नका. हे मी कळकळीनं सांगतेय कारण यात तुमचं नाव जातं आणि पक्षकाराचं घर जातं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले निकाल दिले, ५,००० डॉलर दंड झाला. तिकडचं तिकडं म्हणू नका, ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं आयकराचा एक आकारणी आदेश रद्द केला, त्यात अधिकाऱ्यानं ज्या तीन निकालांचा आधार घेतला होता ते निकाल अस्तित्वातच नव्हते. केरळ उच्च न्यायालयानं तर जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच आणलं, निष्कर्ष काढायला किंवा निकाल द्यायला एआय वापरायचं नाही म्हणून.

माझ्या ऑफिसात एका ज्युनिअरनं टिपण आणलं, त्यात एका निकालाचा संदर्भ १९६४ च्या एससीसीचा, म्हणजे निकाल छापणाऱ्या "सुप्रीम कोर्ट केसेस"चा. सुंदर लिहिलेला, पक्षकारांची नावं, पान क्रमांक, सगळं. एससीसी हे रिपोर्टर सुरू झालं १९६९ ला. १९६४ चा अंक कुठून येणार? पुढं शोधायचीही गरज पडली नाही. अशा साध्या गोष्टी पाठ असाव्यात. एआयआर, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, १९१४ पासूनचं, सुप्रीम कोर्ट २८ जानेवारी १९५० पासूनचं. अलीकडच्या निकालांना न्यूट्रल सायटेशन, म्हणजे कोर्टानंच दिलेला क्रमांक, असतं, सुप्रीम कोर्टाचं साल आणि आयएनएससी, मुंबईचं साल आणि बीएचसी, पुढं खंडपीठाची अक्षरं, नागपूर, औरंगाबाद वगैरे. तो क्रमांक ई-कोर्ट्सच्या निकाल शोधात टाकायचा, तिथं आला तर निकाल आहे.

पण निकाल आहे म्हणजे काम झालं असं नाही, खरी मेहनत तिथून पुढं आहे. मागं मी एक खराखुरा निकाल उघडला, एआयनं दिलेलं वाक्य त्यात शब्दशः होतं, सतराव्या परिच्छेदात. वाचत वर गेले तर परिच्छेदाची सुरुवात होती, "अपीलकर्त्याच्या विद्वान वकिलांनी असा युक्तिवाद केला की". म्हणजे ते वाक्य हरलेल्या वकिलांचं! कोर्टानं तो युक्तिवाद पुढं साफ फेटाळला होता. तेव्हा सापडलेल्या वाक्याच्या वरचे दोन आणि खालचे दोन परिच्छेद वाचायचे, शेवटचा आदेश वाचायचा, ते मत बहुमताचं की वेगळं पडलेल्या न्यायाधीशांचं ते बघायचं, आणि त्या खटल्यातली हकीकत आपल्यासारखी आहे का ते बघायचं. हे एआयला विचारून चालत नाही. त्याला विचारलं "हा निकाल खरा आहे ना", तर पुष्कळदा ते "हो" म्हणतं आणि ज्याच्या उत्तराची शंका त्यालाच साक्षीदार केल्यासारखं होतं.

मी एक करते, तेच तुम्हालाही सांगते. तोच प्रश्न विरुद्ध बाजूनं विचारायचा. आधी "मी वादी आहे", मग नव्या चॅटमध्ये "मी प्रतिवादी आहे". विचारणाऱ्याच्या बाजूला झुकायची त्याला सवय असते, दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की समोरचा वकील काय म्हणणार तेही कळतं आणि उत्तराचा कुठला भाग दोन्हीकडे टिकतो तेही.

प्रश्न : मराठीत विचारलं तर एआय भलतंच काहीतरी सांगतं. मी लिहिलं, "मित्राच्या कर्जाला जामीन राहिलोय, आता बँक माझ्या मागं लागलीय." त्यानं मला जामिनासाठी अर्ज कसा करायचा ते सांगितलं!
– एक शिक्षक, बीड

उत्तर : सर, मराठीत जामीन राहणं वेगळं आणि जामीन मिळणं वेगळं, हे आपल्याला आईच्या दुधासोबत कळतं, त्याला नाही. तुमच्या प्रश्नाला करार कायदा १८७२, कलम १२८ लागतं. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं ठरलं नसेल तर, म्हणजे बँकेला आधी मित्राच्या मागं लागायलाच हवं असं नाही. तुमचं जामीनपत्र काढून वाचा, त्यात रकमेची मर्यादा घातलीय का बघा.

कूळ शब्दाचंही असंच. "आमच्या जमिनीत कूळ आहे" लिहिलं की त्याचं टेनंट होतं आणि उत्तर येतं घरभाड्याच्या कायद्याचं, खरं तर बघायचा असतो शेतजमिनीचा कुळकायदा, पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा, तुमच्या मराठवाड्यात १९५० चा. वहिवाट, बक्षीसपत्र, हक्कसोड, आणेवारी, या शब्दांच्या पुढं एक साधं वाक्य जोडत जा, म्हणजे नेमकं काय झालंय ते. आणि उत्तराची पहिली दोन वाक्यं वाचून त्याला आपलं म्हणणं कळलं का ते आधी बघा, नसेल कळलं तर पुढचं वाचूच नका.

प्रश्न : ग्राहक तक्रार ७० लाखांच्या फ्लॅटची. एआय म्हणतं एक कोटीपर्यंत जिल्हा आयोग. मी कायदा उघडून बघितला, तिथंही एक कोटीच आहे. मग बरोबर ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही कायदा उघडलात याचं मनापासून कौतुक. तरी उत्तर नाही असंच आहे. २०१९ च्या कायद्यात एक कोटी लिहिलंय, पण त्याच कायद्यानं सरकारला हा आकडा नियमांनी बदलायचा अधिकार दिलाय आणि डिसेंबर २०२१ च्या नियमांनी तो बदललाय. आता ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५० लाख ते दोन कोटी राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय. हे मोजायचं तुम्ही मोबदला म्हणून दिलेल्या किमतीवर, मागितलेल्या भरपाईवर नाही. तुमची तक्रार राज्य आयोगात. कलमात "विहित केल्याप्रमाणे" किंवा "अन्य रक्कम विहित करता येईल" असे शब्द दिसले की नियम आणि अधिसूचनाही बघायच्या. तक्रारीची मुदत दोन वर्षं.

प्रश्न : ताई, नवरा मारतो. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून रात्री मोबाईललाच विचारते. सगळं त्यात लिहिलंय, त्याचं नाव, आमचा पत्ता. ते कुणी बघेल का?
– नाव नको

उत्तर : ताई, वकिलाला सांगितलेली गोष्ट वकील तुमच्या परवानगीशिवाय उघड करू शकत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नं तो बांधलेला असतो. मोबाईलमधल्या ॲपला तसं बंधन नाही, आणि घरातला माणूस मोबाईल हातात घेऊन ते वाचू शकतो ही त्याहून जवळची भीती. आजच ते चॅट डिलीट करा. यापुढं नाव, पत्ता, आधार क्रमांक, मुलांची शाळा यातलं काही लिहू नका, "एक बाई, दोन मुलं" एवढ्यावरही उत्तर मिळतं.

आणि तुम्हाला वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा किंवा तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस विचारा. घरगुती हिंसाचार कायदा २००५ खाली संरक्षणाचा आदेश, त्याच घरात राहण्याचा हक्क आणि खर्चाला पैसे, तिन्ही एकाच अर्जात मागता येतात. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये एआयनं "आधी घर सोडा" असं लिहिलंय. जीवाला धोका असेल तर जरूर निघा, ११२ ला फोन करा. पण घर सोडल्याशिवाय अर्ज होत नाही असं मनात धरून बसला असाल तर ते तसं नाही, घरात राहूनही अर्ज करता येतो, आणि घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी.